लोखंडाचा ब्रॅकेट ॲल्युमिनियममध्ये: मिश्रधातूतून आधी काय काढायचं, मग काय घालायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतली एक छोटी फौंड्री 4.2 किलोचा ब्रॅकेट आजवर एस.जी. आयर्नमध्ये (गोलाकार ग्रॅफाइटच्या चिवट बिडात) ओतत होती. ग्राहकाला तोच आता निम्म्या वजनात हवा आहे. वाळूच्या साच्यात एलएम 25 (7 टक्के सिलिकॉनचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) ओतून, टी 6 हीट ट्रीटमेंट (तापवणं, पाण्यात विझवणं, पुन्हा थोडं तापवणं) करून पाहिली. टेन्साइल (ओढून तोडायला लागणारी ताकद) कशीबशी बसते, पण इलाँगेशन (तुटण्याआधी बार किती लांबतो ते) दीड टक्क्यावर अडकतं आणि ग्राहक 5 टक्के मागतो. भट्टी 300 किलोची, त्यात निम्मा माल रिटर्न, म्हणजे स्वतःच्याच जॉबवरून कापलेले रनर (रसाची वाट) आणि रायझर (आकसताना रस पुरवणारे गठ्ठे). यात कोणता नवा धातू घालावा? स्कँडियमचा उपयोग होईल का? हाय-एन्ट्रॉपी (अनेक धातू जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेले) वगैरे जे ऐकू येतं ते आपल्या कामाचं आहे का?

स्वतःचा मिश्रधातू बांधता येईल, आणि त्याला परदेशी महागड्या धातूंची गरज नाही. पण इलाँगेशन दीडवर अडकलंय याचा अर्थ रसात (वितळलेल्या धातूत) काहीतरी कमी आहे असा नसून नको ते आत आलंय असा आहे. म्हणून आधी काढायचं काय ते बघू.

त्याच्याही आधी एक हिशेब, कारण तो चुकला तर कोणताही मिश्रधातू वाचवू शकणार नाही. एस.जी. आयर्नचा ताठपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, साधारण 170 गिगापास्कल. ॲल्युमिनियमचा 72. सिलिकॉन घाला, मॅग्नेशियम घाला, हीट ट्रीटमेंट करा, हा 72 चा आकडा जवळपास हलत नाही. ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. त्यामुळे जुन्याच पॅटर्नमध्ये ॲल्युमिनियम ओतलं तर ब्रॅकेट तुटला नाही तरी दुपटीहून जास्त वाकेल. वाकणाऱ्या सपाट भागाचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, म्हणून जाडी 170 भागिले 72, म्हणजे 2.36 च्या घनमुळाने, म्हणजे 1.33 पटीने वाढवावी लागते. 8 मिमीची भिंत साडेदहा मिमीच्या पुढे न्या. घनता 7.1 वरून 2.68 वर आली, जाडी 1.33 पट झाली. वजन बरोबर निम्म्यावर येतं, 4.2 चं 2.1 किलो. रिब नीट दिल्या तर आणखी उतरेल. पण जो भाग फक्त सरळ ओढला जातो, तिथे तेवढ्याच ताठपणासाठी 2.36 पट जाडी लागते आणि वजन जेमतेम दहा-अकरा टक्के वाचतं. तेव्हा ग्राहकाच्या डिझाइनवाल्याबरोबर बसून पॅटर्न बदलून घ्या, तो खर्च टाळू नका.

आता मुख्य दुखणं, लोह. एलएम 25 मध्ये लोह 0.5 टक्क्यापर्यंत चालतं असं स्पेसिफिकेशन सांगतं. ए 356 या अमेरिकन मिश्रधातूची रचना जवळजवळ तीच, पण तिथे मर्यादा 0.20 आहे. या दोन आकड्यांतच तुमचं इलाँगेशन हरवलंय. लोह वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सहज विरघळतं, घट्ट ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ नाही. रस गोठताना ते ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनला धरून बाहेर पडतं, पातळ पत्र्यासारख्या ठिसूळ पापुद्र्यांच्या रूपात. मायक्रोस्कोपखाली ते सुयांसारखे दिसतात, पण ते पत्रे असतात, आणि ताण आला की भेग तिथूनच धावते. 7 टक्के सिलिकॉनला लोह साधारण 0.47 टक्क्याच्या वर गेलं की हे पत्रे युटेक्टिकच्या (सिलिकॉनसकट शेवटी गोठणाऱ्या भागाच्या) आधीच, मोकळ्या रसात वाढू लागतात आणि मोठे होतात. मग ते रसाची वाटही अडवतात, म्हणून श्रिंकेजही (आकसून पडणारी पोकळी) वाढतं. वाळूचा साचा सावकाश थंड होतो, त्यांना वाढायला भरपूर वेळ देतो. म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये बसणारा 0.48 लोहाचा एलएम 25 कागदावर पास आणि टेस्ट बारमध्ये नापास होऊ शकतो.

लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच शेडमध्ये ओतणाऱ्या फौंड्रीत लोह आत शिरायच्या वाटा पुष्कळ, आणि त्या डोळ्यासमोर असूनही दिसत नाहीत. पहिली वाट शॉट ब्लास्टिंगची. एस.जी. च्या जॉबसाठी असलेल्या मशिनमधून ॲल्युमिनियमचे रायझर साफ केले की स्टीलचे बारीक शॉट खाचाखोचांत रुतून बसतात आणि रिटर्नबरोबर भट्टीत जातात. मूठभर, 100 ग्रॅम शॉट 300 किलो रसात गेले तर लोह 0.033 टक्क्याने वाढतं. चार फेऱ्यांत तुमची सगळी सूट संपली. ॲल्युमिनियमला वेगळं ब्लास्टिंग ठेवा, निदान रिटर्नवर लोहचुंबक फिरवून मगच चार्ज करा. दुसरी वाट हत्यारांची: कोटिंग नसलेला स्टीलचा दांडा, झारा, प्लंजर दर हीटला थोडा थोडा विरघळतो. प्रत्येक पाळीला बोरॉन नायट्राइड किंवा झिरकॉनचा वॉश लावून, वाळवून, तापवून मगच बुडवा. बिडाच्या भांड्यात वितळवत असाल तर ते आजच बंद करा, ग्रॅफाइट किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस घ्या. आणि तिसरी चूक, जी एस.जी. वाल्यांकडूनच होते: मॅग्नेशियम कमी पडलं म्हणून हाताशी असलेला फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम टाकणं. त्यात जवळजवळ निम्मं लोखंडच असतं.

एकदा आत आलेलं लोह फौंड्रीत परवडेल अशा रीतीने बाहेर काढता येत नाही. ते फ्लक्सने जळत नाही, ड्रॉसमध्ये (वर तरंगणाऱ्या मळात) येत नाही. उपाय एकच, पातळ करणं. समजा तुमच्या रिटर्नमध्ये लोह 0.45 आहे, नव्या इन्गॉटमध्ये 0.10, आणि लक्ष्य 0.18. मग 300 किलोत रिटर्न किती चालेल? 0.18 मधून 0.10 वजा, उरले 0.08, त्याला 0.35 ने भागा, येतं 0.23. म्हणजे 68 किलो रिटर्न आणि 232 किलो नवा इन्गॉट. आज तुम्ही 150 किलो रिटर्न घालताय. हे गणित दर आठवड्याला स्पेक्ट्रोच्या (धातूची रचना मोजणाऱ्या यंत्राच्या) ताज्या आकड्यांवर करा, कारण लोह कमी झालं की पुढच्या फेरीचे रिटर्नही स्वच्छ होतात आणि मग त्यांचं प्रमाण हळूहळू वाढवता येतं. इन्गॉटच्या बाबतीत एक गैरसमज इथे नेहमी ऐकू येतो, की यमनापूरला हिंडाल्को आहे तेव्हा धातू दारातच. तिथे आज बॉक्साइटपासून ॲल्युमिना बनतं, ती पांढरी पूड आहे. इन्गॉट बाहेरूनच मागवावे लागतात, आणि प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत हवं.

भंगार वापरायचंच असेल तर मँगनीजचा आधार घेता येतो. लोहाच्या निम्मं मँगनीज असेल तर पत्र्यांऐवजी वेड्यावाकड्या चिनी लिपीसारखे दिसणारे आकार बनतात आणि ते भेगेला तेवढी मदत करत नाहीत. लोह 0.30 असेल तर मँगनीज 0.15. पण हा तोडगा आहे, इलाज नव्हे: ठिसूळ कणांचं एकूण प्रमाण वाढतंच. शिवाय लोह, मँगनीजची दुप्पट आणि क्रोमियमची तिप्पट यांची बेरीज वाढू लागली की कमी तापमानाला धरून ठेवलेल्या भट्टीच्या तळाशी जड गाळ बसतो आणि त्याचे कडक खडे कास्टिंगमध्ये येऊन मशीनिंगची टूल खातात. 5 टक्क्यांच्या जॉबसाठी मी 0.18 लोहावरच थांबेन, मँगनीज घालणार नाही.

भंगाराबद्दल आणखी एक. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनू लागल्यापासून 7075 सारख्या विमानाच्या भारी ॲल्युमिनियमची चिप (मशीनिंगचा चुरा) वापरून ताकद वाढवावी, ही कल्पना मोहात पाडते. 7075 मध्ये जस्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतं. फक्त 10 किलो चिप 300 किलोत गेली तरी जस्त 0.18 टक्क्यापुढे जातं, आणि एलएम 25 ची मर्यादा आहे 0.1. भारी माल दुसऱ्या भारी मालात मिसळला की दोन्ही भंगार होतात.

दुसरं दुखणं हायड्रोजनचं, आणि ते आपल्याकडे जूनमध्ये सुरू होतं. 660 अंशांना 100 ग्रॅम वितळलेलं ॲल्युमिनियम साधारण 0.65 ते 0.69 मिली हायड्रोजन धरतं, गोठलेलं जेमतेम 0.035. म्हणजे गोठताना जवळजवळ सगळा वायू बाहेर यायचा म्हणतो आणि आतच पिनहोल होऊन अडकतो. हा हायड्रोजन येतो पाण्यातून: हवेतल्या दमटपणातून, ओल्या इन्गॉटवरून, सादळलेल्या फ्लक्समधून, न तापवलेल्या लॅडलच्या अस्तरातून. खानापूरच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सादळणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून पावसाळ्यात इन्गॉट आणि रिटर्न भट्टीच्या कडेला 200 अंशांपर्यंत तापवूनच आत सोडा. ओला माल रसात गेला तर पिनहोलची गोष्ट दूरच, स्फोट होतो आणि माणसं भाजतात. फ्लक्सचा डबा उघडा राहिला तर तो फेकून द्या. रस 750 च्या वर नेऊ नका, वर गेलं की वायू झपाट्याने शोषला जातो.

डीगॅसिंगसाठी, म्हणजे रसातला वायू काढायला, गोळ्यांवर राहू नका. ग्रॅफाइटचा फिरता रोटर, कोरडा आर्गॉन किंवा नायट्रोजन, 720 ते 730 अंश, 400 ते 500 आरपीएम, 10 ते 15 मिनिटं. रसाच्या पृष्ठभागावर भोवरा पडत असेल तर वेग कमी करा किंवा आडवी फळी लावा. भोवरा हवा आणि ऑक्साइड आत ओढतो, वायू काढायच्या नादात त्याहून वाईट काही आत जातं. मोजायची रीत स्वस्त आहे: त्याच रसाचे दोन छोटे कप, एक उघड्यावर गोठवायचा, दुसरा 80 मिलिबार निर्वातात. दोघांची घनता पाण्यात तोलून काढा. फरकाला पहिल्याच्या घनतेने भागून शंभराने गुणा. उत्तर 2 च्या खाली असेल तर ओता. 5 आलं तर ओतू नका, कितीही घाई असली तरी.

तिसरं ओतण्याचं. वितळलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय कायम असते. रस उसळला की ती साय दुमडून आत जाते, दुमडलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये हवा राहते आणि ती तयार भेगच असते. बर्मिंगहॅमचे जॉन कॅम्पबेल यांनी हा मुद्दा आयुष्यभर मांडला: साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर जाऊ नये. पण रस नुसता साडेबारा मिमी खाली पडला तरी तेवढा वेग गाठतो. म्हणून स्प्रूमध्ये (रस खाली उतरतो त्या नळीत) वेग होणारच. तो रनरमध्ये मारायचा. स्प्रू खाली निमुळता, रनर रुंद, गेट (साच्यात शिरायचं तोंड) तळातून, आणि रनरमध्ये 20 पीपीआयचा (इंचाला 20 छिद्रांचा) सिरॅमिक फोम फिल्टर. बिडाच्या जॉबचं प्रेशराइज्ड (गेटकडे अरुंद होत जाणारं) गेटिंग तसंच्या तसं ठेवून ॲल्युमिनियम ओतलं की गेटमधून कारंजं उडतं. तुमच्याकडे बहुधा हेच होत असणार.

हे तिन्ही तपासायला तुटलेला टेस्ट बार टाकून देऊ नका, त्याचं तोंड उन्हात धरून भिंगाखाली बघा. चमचमणारे सपाट तुकडे दिसले तर लोहाचे पत्रे किंवा मॉडिफाय (बारीक) न झालेलं सिलिकॉन. गोल, आतून चकचकीत भोकं असतील तर वायू. खडबडीत, फांद्या फुटल्यासारखी पोकळी असेल तर श्रिंकेज, रायझर किंवा चिल (लवकर गोठवायला साच्यात बसवलेला धातूचा तुकडा) चुकलंय. काळपट, गुळगुळीत, सुरकुतलेला डाग दिसला तर ती आत गेलेली साय. सगळा पृष्ठभाग एकसारखा बारीक, राखाडी, मखमली दिसेल तेव्हाच रसायनाकडे वळायचं.

तर आता घालायचं काय. 7 टक्के सिलिकॉन तसंच ठेवा, ओतायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. ताकद देणारं मॅग्नेशियम. ते सिलिकॉनशी जुळून हीट ट्रीटमेंटमध्ये अतिसूक्ष्म कण बनवतं. 0.25 च्या आसपास मऊ पण चिवट, 0.40 ला ताकद जास्त आणि इलाँगेशन कमी. 0.5 च्या पुढे मॅग्नेशियम लोहाशीच जाऊन बसतं, ठिसूळ कण वाढतात आणि घातलेल्याचा उपयोग होत नाही. तुमच्यासाठी 0.30 ते 0.35. रस थांबला की मॅग्नेशियम जळतं, म्हणून शेवटच्या स्पेक्ट्रोवर भर घाला: 300 किलोत 0.06 टक्का वाढवायला 180 ग्रॅम, जळणं धरून 200 ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम, भोकं पाडलेल्या घंटेत घालून तळाशी दाबायचं. वर तरंगलं तर पेटून जातं.

सिलिकॉनची जाड पाती बारीक तंतूंसारखी करायला, म्हणजे मॉडिफिकेशनसाठी, स्ट्रॉन्शियम. लक्ष्य 0.015 टक्का, 10 टक्के स्ट्रॉन्शियमच्या मास्टर ॲलॉयची 450 ते 500 ग्रॅम कांडी 300 किलोला पुरते. परिणाम यायला 15-20 मिनिटं द्या. क्लोरीन सोडणाऱ्या डीगॅसिंगच्या गोळ्या यानंतर टाकल्या तर त्या स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही खाऊन टाकतात. कित्येक फौंड्र्यांत मॉडिफिकेशन लागत नाही त्याचं कारण हेच असतं. दाणा बारीक करायला टायटॅनियम-बोरॉनची कांडी, टनाला एक किलो, म्हणजे 300 ग्रॅम. जास्त घालू नका, बोरॉन स्ट्रॉन्शियमला बांधून ठेवतं. क्रम असा ठेवा: स्ट्रॉन्शियम, मग आर्गॉन, मग मॅग्नेशियमची दुरुस्ती, शेवटी टायटॅनियम-बोरॉन, हलकं ढवळणं, आणि अर्ध्या तासात ओतणं.

स्कँडियमबद्दल. साध्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मालात 0.2 ते 0.4 टक्का स्कँडियम झिरकोनियमबरोबर खरोखर मोठं काम करतं. पण 7 टक्के सिलिकॉनच्या रसात ते सिलिकॉनबरोबरच संयुग करून बसतं आणि ताकदीला येत नाही. सोन्याच्या भावाची वस्तू गाळात टाकल्यासारखं होईल. हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातूंवरचे पहिले गाजलेले निबंध 2004 चे, पण त्यांतला सर्वांत अभ्यासलेला लोह-निकेल-कोबाल्ट-क्रोमियम-मँगनीजचा धातू लोखंडाइतकाच जड आहे. हलक्या ब्रॅकेटशी त्याचा संबंध नाही. 7075 ओतता येईल का, असाही विचार मनात येईल. ते 635 अंशांना गोठायला लागतं आणि 477 ला संपतं. इतक्या लांब पल्ल्यात अर्धवट गोठलेला जॉब स्वतःच्याच आकसण्याने फाटतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एचआरएल प्रयोगशाळेने पुडीवर झिरकोनियमचे नॅनोकण लावून थ्रीडी प्रिंटिंगमध्ये ही फाटण्याची अडचण सोडवली, आणि ते काम फार सुंदर आहे, पण ते पुडीचं आणि लेझरचं तंत्र आहे, मुशीचं नव्हे.

हीट ट्रीटमेंट अर्ध्या मिश्रधातूइतकी महत्त्वाची. आल्फ्रेड विल्म यांना 1906 मध्ये दिसलं की तापवून विझवलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवून दिला तरी कडक होतो. तेव्हापासून आपण तेच नियंत्रणाखाली करतोय. 540 अंश, 5 अंशांच्या आतबाहेर, वाळूच्या कास्टिंगला 8 ते 10 तास. भट्टीच्या चारही कोपऱ्यांत थर्मोकपल ठेवून एकदा मोजा. एक कोपरा 560 ला गेला तर तिथला जॉब आतून वितळतो, आणि तो पुन्हा सुधारत नाही. दार उघडल्यापासून पाण्यात बुडेपर्यंत 10 ते 15 सेकंद, पाणी 60 ते 70 अंश. पाणी थंड असेल तर जॉब वाकतो. मग एजिंग, म्हणजे 155 अंशांना 3 ते 5 तास. यील्ड (कायमचं वाकण्याआधीची ताकद) कमी पडली तर 170 पर्यंत जा, पण इलाँगेशन त्याची किंमत देईल. पाण्यातून काढल्यापासून एजिंग सुरू होईपर्यंतचा वेळ प्रत्येक बॅचला सारखा ठेवा. एक बॅच लगेच आणि दुसरी रविवारनंतर अशी घातली तर आकडे जुळणार नाहीत.

चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदला. लोह 0.18 च्या खाली पक्कं करून तीन हीट ओता, मॅग्नेशियम 0.28, 0.33 आणि 0.38. प्रत्येकीचे 10 बार, पाच बारना 155 अंशांना 3 तास, पाचना 5 तास. 30 बार, सहा गट. सरासरीवर खूश होऊ नका, प्रत्येक गटातला सर्वांत खालचा आकडा धरा, कारण ब्रॅकेट तिथेच तुटतो. प्रत्येक हीटचे दोन ब्रॅकेट कापून त्यातूनही बार काढा. वेगळा ओतलेला बार चांगला आणि ब्रॅकेटमधला वाईट आला तर रसायनाला हात लावू नका. दोष रायझर, चिल किंवा गेटचा आहे. ज्या कोपऱ्यावर ताण जास्त, तिथे बिडाचा चिल बसवा. लवकर गोठलेल्या धातूची आतली वीण बारीक होते आणि इलाँगेशन तिथेच वर येतं.

आणि ग्राहकाला आजच विचारा की 5 टक्के नेमके कुठले: वेगळ्या ओतलेल्या बारचे की जॉबमधून कापलेल्या बारचे. ए 356 टी 6 ला वाळूच्या साच्यात अमेरिकन स्पेसिफिकेशन किमान 3.5 टक्केच मागतं; 5 टक्क्यांचा आकडा धातूच्या साच्यातल्या टी 61 या हीट ट्रीटमेंटचा आहे. स्वच्छ रसाने वाळूतही 5 गाठता येतात, पण वर्षाला काही हजार नग असतील तर ग्रॅव्हिटी डायचं (धातूच्या साच्याचं) कोटेशन याच चाचणीबरोबर मागवून ठेवा.